आधी प्रवाळ, मग पलंग

मालदीवला जायचं ठरलं की घरात पहिलं काम सुरू होतं ते खोल्यांचे फोटो बघण्याचं. ते बंद करा. खांबांवर उभी लाकडी व्हिला, जमिनीत बसवलेली काच, पाण्यावर ताणलेली जाळी, छोट्या तलावात तरंगणारं नाश्त्याचं ताट. दीडशेहून जास्त रिसॉर्ट्सचे फोटो असेच आहेत. एकाचे दुसऱ्याच्या नावाने छापले तरी कुणाला कळणार नाही. चांगला पलंग पुण्यातही मिळतो. मुंबईपासून सोळा-सतराशे किलोमीटर दक्षिणेला जाऊन लाखांत पैसे मोजायचे ते पुण्यात न मिळणाऱ्या गोष्टीसाठी. ती गोष्ट पाण्याखाली आहे, जिवंत आहे आणि कुठल्याही पॅकेजच्या पहिल्या पानावर तिचा उल्लेख नसतो. ती म्हणजे प्रवाळ.

फोटोत जे पाणी सगळ्यात सुंदर दिसतं त्यात जीव सगळ्यात कमी असतात. फिकट, दुधी निळं पाणी म्हणजे खाली नुसती वाळू. थोडं पुढे जिथे रंग बदलतो, करडा-तपकिरी पट्टा लागतो आणि त्यापलीकडे पाणी एकदम गडद होतं, तिथे प्रवाळाची कड. संगणकावर उपग्रहाचा नकाशा उघडा, बेट शोधा आणि किनाऱ्यापासून ती कड किती लांब आहे ते मोजा. तीस-चाळीस मीटरवर असेल तर सकाळी उठून चालत पाण्यात उतरता येतं, दिवसातून तीनदा उतरता येतं, फुकट. अर्धा किलोमीटरवर असेल तर रोज बोट, रोज वेळ पाळणं, रोज वेगळे पैसे. या धंद्यात बेटाला लागून असलेल्या प्रवाळाला ‘हाउस रीफ’ म्हणतात. टूरवाल्याला फोन केलात तर पहिला प्रश्न हाउस रीफचा विचारा. तो गडबडला तर फोन ठेवा.

पाण्यावरच्या व्हिला बहुधा त्या फिकट, वाळूच्या लगूनमध्येच, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यातच, उभ्या असतात. म्हणजे सगळ्यात महागडी खोली घेणारा माणूस समुद्राच्या सगळ्यात रिकाम्या भागावर झोपतो. त्याच बेटावर, प्रवाळाच्या बाजूला, झाडीत लपलेली किनाऱ्यावरची खोली बऱ्याचदा स्वस्त असते. ती घ्या. आणि लगूनमध्ये कुठे काळसर गवत दिसलं तर नाक मुरडू नका. कासवं तेच खातात, माशांची पिल्लं त्यातच वाढतात. पाहुण्यांना फोटोत डाग नको म्हणून कित्येक रिसॉर्ट्सनी हे समुद्री गवत उपटून टाकलं. ज्या बेटाने ते राखलंय त्या बेटाला माझं पहिलं मत.

आता हे प्रवाळ म्हणजे नेमकं काय, ते जाण्याआधी कळायला हवं. कारण मोठ्या माणसांनाही ते दगड वाटतात, आणि दगड वाटला की माणूस त्यावर उभा राहतो. प्रवाळ हा प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे, फार तर बोटाच्या पेराएवढे मऊ जीव हजारोंनी एकत्र राहतात आणि स्वतःखाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. प्रवाळाचे बरेचसे रंगही या भाडेकरूचेच. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात, पण गोलसर गोट्यासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. दोन मीटर रुंदीचा गोटा दिसला तर तो शंभरेक वर्षांचा असतो. त्यावर पाय देऊन चष्म्यातलं पाणी काढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना थांबवणं हे माझं काम आहे असं मी मानतो. तुम्हीही माना.

किनाऱ्यावरची ती पिठासारखी पांढरी वाळू, जिच्यावर नवी जोडपी नावं लिहितात, तिचा मोठा भाग पोपटमाशाने तयार केलेला असतो. हा रंगीबेरंगी मासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो, त्यावरचं शैवाल पचवतो आणि चुना बारीक करून मागून सोडून देतो. एक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू देऊ शकतो. मालदीवच्या बेटांवर हे रीतसर मोजलं गेलंय. एका बेटाभोवती नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू या माशांची निघाली. म्हणजे पोपटमासा ताटात आला तर बेट तेवढं कमी झालं. रिसॉर्टच्या जेवणात ‘रीफ फिश’ असं काही लिहिलेलं असेल तर कुठला मासा ते विचारा, आणि सरळ कुपा मागा. कुपा, म्हणजे ट्यूना, मालदीवचे मच्छीमार आजही गळाने, एकेक करून पकडतात. जाळ्याने ट्यूना धरायला त्या देशात परवानगी नाही. इतकी स्वच्छ मासेमारी जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

आणखी एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सह्याद्रीचा काळा दगड आणि मालदीवच्या तळाचा दगड एकाच भट्टीतून आलेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपलं दख्खनचं पठार ज्या ज्वालामुखीने ओतलं, तो तप्त झरा पृथ्वीच्या पोटात जागच्या जागी राहिला आणि भारताची भूमी त्यावरून उत्तरेकडे सरकत गेली. मागे राहिलेल्या रांगेत लक्षद्वीप, मालदीव, छागोस आणि मग मॉरिशस, असे डोंगर समुद्रात उठले. आज तो झरा रियुनियन बेटाखाली आहे. मालदीवचे ज्वालामुखी खचत खाली गेले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वर वर बांधत राहिले. दोन किलोमीटरहून जाड चुन्याचा थर त्यांनी रचला. ज्वालामुखी बुडतो आणि प्रवाळाचं कडं मात्र पाण्याबरोबर राहतं, ही गोष्ट चार्ल्स डार्विनने १८४२ सालच्या पुस्तकात मांडली होती. राजगडावर चढलेल्या मराठी माणसाने मालदीवला जाताना हे मनात ठेवावं. तिथे पोचल्यावर आपण परक्या दगडावर नसतो.

पैशांचं बोलू. मालदीवच्या खोलीच्या भावापुढे दोन अधिक चिन्हं असतात. त्या दोन चिन्हांत सगळं आहे. रात्रीचा भाव ४०० डॉलर धरा. त्यावर १० टक्के सेवाशुल्क, झाले ४४०. त्या ४४० वर पर्यटनाचा जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला, म्हणजे पावणेपाचशे-पाचशे नव्हे, थेट ५१५. शिवाय हरित कर, माणशी रात्रीला १२ डॉलर. जानेवारी २०२५ मध्ये तो सहावरून बारा केला गेला. दोघांचे २४. चारशेची खोली अशी ५३९ ला पडते. नंतर सीप्लेन: जाऊन-येऊन माणशी चारशे ते सहाशे डॉलर. पाच रात्रींचे दोन हजार डॉलर असं मनात धरून निघालेलं जोडपं साधारण ३,७०० डॉलरवर पोचतं, तेही जेवणाआधी. बेटावर दुसरं दुकान नाही, दुसरं हॉटेल नाही, चालत जाऊन वडापाव खाता येत नाही. एक बेट, एक रिसॉर्ट, हीच तिथली पद्धत आहे. म्हणून भाव विचारताना एकच आकडा मागा: सगळे कर, सगळी वाहतूक, तिन्ही जेवणं धरून शेवटचा आकडा. लेखी. हरित कर द्यायला मात्र कुरकुर करू नका. पाचेक लाख वस्तीच्या देशात २०२४ साली वीस लाखांहून जास्त पाहुणे आले. त्यांचा कचरा कुणीतरी उचलतो.

सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान मालेला दुपारी साडेतीन-चारनंतर उतरलं तर त्या दिवशी बेट विसरा. विमानतळाजवळ रात्र काढावी लागते आणि ज्या खोलीचे पाचशे डॉलर भरलेत ती रिकामी राहते. पहाटेचं किंवा सकाळचं विमान घ्या, परतीचं संध्याकाळचं. सामान वीस किलो आणि हातातलं पाच; त्याहून जास्त असेल तर किलोमागे पैसे. चकल्या, थेपले, बाकरवडी घरी ठेवा, मास्क आणि फिन्स घ्या. हे सगळं नकोसं वाटत असेल तर मालेच्या उत्तर किंवा दक्षिण अटॉलमधलं (अटॉल म्हणजे ते प्रवाळाचं कडं) बेट निवडा, तिथे स्पीडबोट रात्रीही जाते. देशात शिरताना भरायचा ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या ९६ तासांच्या आत भरायचा असतो आणि तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणारं पान दिसलं तर ते लुटारूचं पान आहे.

महिना. आपल्याकडे सुट्टी म्हणजे मे. शाळा बंद, सगळे मोकळे, चला. मालदीवसाठी मे हा चुकीचा महिना आहे. नैऋत्य मान्सून तिथे आपल्या आधी पोचतो, समुद्र खवळायला लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी वर्षातलं सगळ्यात गरम असतं. प्रवाळ आजारी पडायचे हेच दिवस. कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. पाणी नितळ हवं असेल तर फेब्रुवारी-मार्च. नाताळ आणि नववर्ष टाळा. भाव दुप्पट, आणि त्या रात्रींच्या जेवणाचे वेगळे, सक्तीचे पैसे. पावसाळा वाईटच असतो असंही नाही. जून ते ऑक्टोबर या काळात बा अटॉलमधल्या हनिफारू उपसागरात प्लवकांची दाटी होते आणि ती खायला मांटा रे, म्हणजे दहा-बारा फुटांच्या पंखांच्या अजस्र वागळ्या, डझनांनी येतात. कधी व्हेल शार्कही. युनेस्कोने २०११ मध्ये बा अटॉलला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. हनिफारूत स्कुबा करायला मनाई आहे, फक्त स्नॉर्केलिंग, तेही ठरावीक माणसांना, ठरावीक वेळ. हे नियम मला फार आवडतात. दिवाळीच्या सुट्टीला थोडं आधी जोडून हे दिवस गाठता आले तर जरूर गाठा. पाऊस पडेल. पडू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. पोहायला शिका.

महागड्या बेटावर जाऊन कमरेएवढ्या पाण्यात लाइफ जॅकेट घालून उभं राहणारी मराठी माणसं बघून मला वाईट वाटतं. तीस मीटरवर समुद्री जीवांची दाट वस्ती असलेली जागा आहे आणि तिथवर जाता येत नाही. आपल्या गावांतून एक पिढी कमरेला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. त्यांची मुलं शहरात आली, तलावाच्या फीचा हिशेब करत बसली आणि पोहणं राहून गेलं. सहल सहा महिने आधी ठरते. त्यातले तीन महिने दादरच्या महात्मा गांधी तलावात, पुण्याच्या टिळक तलावात, तुमच्या नगरपालिकेच्या तलावात घालवा. चाळिशीत, पन्नाशीत शिकता येतं. त्याचा खर्च सीप्लेनच्या एका तिकिटाच्या आसपासही जात नाही, आणि सहलीची किंमत त्याने दसपट होते. शिवाय मास्क-स्नॉर्केल आधी तलावात लावून बघा. समुद्रात पहिल्यांदा लावलं की श्वास अडकल्यासारखा वाटतो आणि पाच मिनिटांत माणूस काठावर येतो.

आणि प्रत्येक सहलीत एक बाई काठावर बसलेली असते. चपला, मोबाइल, चष्मे सांभाळत. आई असते, सासूबाई असतात, मोठी काकू असते. तिला पाण्यात न्या. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख कुठेही मिळतो. उन्हासाठी तोच उत्तमही आहे. तिला प्रवाळ दाखवायचा नसेल तर तिच्या नावाचं तिकीट काढू नका, त्या पैशात तिला तिच्या आवडीच्या ठिकाणी पाठवा.

सराव मालवणला करा. मालवण, तारकर्ली, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं पाणी, इथे प्रवाळ आहे, आणि १९८७ पासून ते सागरी अभयारण्य आहे. पाणी मालदीवइतकं नितळ नाही, पण हिवाळ्यात पुरेसं दिसतं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबाची संस्था आहे, तिथे रीतसर शिकवतात. पण मालवणात एक गोष्ट रोज घडते आणि ती थांबली पाहिजे. मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव आणि बिस्किटं टाकली जातात, आणि पाहुणे त्यावर खूष होतात. जो मासा शैवाल खाऊन प्रवाळ साफ ठेवतो तो पावाच्या मागे लागतो. तुमच्या बोटीवर पाव निघाला तर नको म्हणा. पैसे तुम्ही देताय, तुमचं ऐकतात. विजयदुर्गच्या समोर, शंभरेक किलोमीटर आत, समुद्राखाली आंग्रिया बँक नावाचं प्रवाळाचं मोठं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे सहली नाहीत, ते बरंच आहे.

मालदीवला गेल्यावर निदान दोन रात्री माणसांच्या बेटावर काढा. रिसॉर्टवर मालदीव नसतं. पहिलं रिसॉर्ट १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये कुरुंबा बेटावर उघडलं आणि त्यानंतरचं धोरण असं होतं की पाहुणे एका बेटावर, गावकरी दुसऱ्या. दारू, बिकिनी, डुकराचं मांस तिकडे. मशीद, शाळा, बाजार इकडे. २००९ मध्ये महंमद नाशीद यांच्या सरकारने गावांच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी दिली, आणि पर्यटनाचा पैसा थेट मच्छीमाराच्या घरात आला. त्याच वर्षी याच नाशीद यांनी आपल्या मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या तळाशी, पाणबुड्यांच्या पोशाखात घेतली होती. देशाची सरासरी उंची दीडेक मीटर आहे, हे जगाला सांगायला. अशा बेटांपैकी माफुशी आता गजबजलंय. थोड्डूला जा, जिथे कलिंगडं पिकतात; धिगुराला जा, जिथून व्हेल शार्क जवळ आहेत. सकाळी मस हुनी खा: कुपा, खवलेला नारळ, कांदा, मिरची आणि सोबत रोशी, म्हणजे पातळ चपाती. मासे न खाणाऱ्यांना नारळ आणि रोशी आहेच. इथे दारू मिळत नाही, किनाऱ्याचा ठरावीक भाग सोडून आखूड कपडे चालत नाहीत, शुक्रवारी सरकारी फेरीबोट बहुधा नसते. हे त्यांचं घर आहे. बॅगेत बाटली घेऊन निघू नका, विमानतळावर यंत्रातून सामान जातं आणि बाटली काढून घेतात.

मालेतही एक दिवस फिरा. देशातली चाळीस टक्के वस्ती या शहरात कोंबलेली आहे. शहराभोवती टेट्रापॉडची भिंत दिसेल, आपल्या मरीन ड्राइव्हवर आहेत तसेच काँक्रीटचे चौपाय. घरं बांधायला शहराभोवतीचे प्रवाळ खणून काढले गेले होते, आणि १९८७ मध्ये लाटा थेट शहरात शिरल्या. मग जपानच्या मदतीने ही भिंत बांधावी लागली. जिवंत प्रवाळ हे काम फुकट करत होते. पश्चिमेला काही किलोमीटरवर थिलाफुशी आहे, कचऱ्याने भराव घालून केलेलं बेट. तुमच्या व्हिलातली प्लास्टिकची बाटली अनेक वर्षं तिथेच जात होती. रिसॉर्ट स्वतःचं पाणी काचेच्या बाटलीत भरतं का, हे विचारायला लाजू नका. तिथलं जवळपास सगळं पिण्याचं पाणी समुद्रातून, डिझेल जाळून, गोडं केलेलं असतं. दिवसातून चार आंघोळी करायची ती जागा नव्हे.

लक्षद्वीपचं काय, हे आता कुणीही विचारेल. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अपशब्द वापरले, त्यांना निलंबित केलं गेलं, आणि आपल्याकडे एका आठवड्यात अख्ख्या देशाला लक्षद्वीप हवं झालं. २०२१ ते २०२३ भारतीय पाहुणे मालदीवमध्ये पहिल्या क्रमांकावर होते, २०२४ मध्ये ते घसरले. एकमेकांवरचा राग काढायला बेटं वापरू नयेत. लक्षद्वीप ३२ चौरस किलोमीटरचं आहे. दहा बेटांवर मिळून २०११ च्या जनगणनेत ६४ हजार माणसं. वाळूखाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर, पावसाने भरणारा. जास्त उपसलं की खारं होतं. कवरत्तीला २००५ पासून खोल समुद्राच्या थंड पाण्यावर चालणारा पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आहे, भारतीय शास्त्रज्ञांनी उभा केलेला, दिवसाला एक लाख लिटरचा. केवढं मोठं काम आहे हे. पण एक लाख लिटरवर वॉटर व्हिलांचं शहर उभं राहत नाही. सुहेली आणि कदमतला मिळून दोनशेवीस खोल्यांची दोन आलिशान रिसॉर्ट्स जाहीर झालेली आहेत, त्यातल्या कित्येक पाण्यावरच्या. मला ती नको आहेत. परवाना काढून, कोचीहून जहाजाने किंवा अगत्तीला विमानाने, थोड्या माणसांनी, साध्या खोल्यांत राहून बघायची ती जागा आहे, आणि तशीच राहिली पाहिजे. ही बेटं किती नाजूक आहेत बघा: बंगारामच्या शेजारचं पराळी-१ हे निर्जन बेट झिजून नाहीसं झालंय.

बेटं झिजतात त्याचं एक कारण म्हणजे प्रवाळ मरतायत. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतो. रंग जातो, पांढराफटक सांगाडा दिसतो. पाणी लवकर निवलं तर जगतो, नाहीतर उपाशी मरतो. १९९८ मध्ये मालदीवच्या उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ असे गेले, लक्षद्वीपमध्येही मोठी हानी झाली. मग २०१०. मग २०१६. एप्रिल २०२४ मध्ये जगभरची चौथी मोठी प्रवाळ-धवलता सुरू असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. दोन घावांमध्ये सावरायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि तेवढी आता मिळत नाहीत. १९९८ नंतर पुन्हा उभे राहिलेले प्रवाळ मालदीवमध्ये होते, म्हणून मी आशा सोडलेली नाही. पण जे तिशीतले लोक आज तिथे जातायत त्यांच्या मुलांना तेच दिसेल, असं मी म्हणू शकत नाही.

मग जाऊच नये का? विमान इंधन जाळतं, सीप्लेन जाळतं, खोलीतला एसी डिझेलवर चालतो, हे खरं आहे. माझं मत असं: दर दोन वर्षांनी तीन रात्री-चार दिवस जाऊन येण्यापेक्षा आयुष्यात एकदा, पण सात-आठ रात्री जा. तीन रात्रींच्या पॅकेजमध्ये एक दिवस येण्यात, एक जाण्यात जातो आणि मधले दोन फोटोत. आठ रात्रींत तिसऱ्या दिवसापासून तुम्हाला तोच ऑक्टोपस त्याच कपारीत सापडायला लागतो. एकाच रिसॉर्टवर टिकून राहणारा माणूस दोन रिसॉर्ट्स बघणाऱ्यापेक्षा जास्त बघतो. लांब बाह्यांचा पोशाख घाला म्हणजे सनक्रीम कमी लागेल. पलाऊसारख्या देशाने ऑक्सिबेन्झोन वगैरे रसायनांच्या क्रीमवर २०२० पासून बंदीच घातलीय. पाण्यात हात मागे ठेवा, पाय वर ठेवा, काही उचलू नका. मेलेला तुकडाही नाही. मालदीवमधून प्रवाळ नेता येत नाही, आणि आपल्याकडे दगडी प्रवाळाला २००१ पासून वाघाच्या बरोबरीचं कायद्याचं संरक्षण आहे. शोकेसमध्ये ठेवायला आणलेला तो पांढरा तुकडा हा गुन्हा आहे. स्कुबा केलं असेल तर शेवटची डुबकी आणि विमान यांत अठरा तास तरी जाऊ द्या, आणि सीप्लेन हेही विमानच.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी रिसॉर्टला एक पत्र पाठवा. तुमच्या हाउस रीफवर जिवंत प्रवाळ किती आहे, २०२४ च्या उन्हाळ्यात काय झालं, बेटावर सागरी जीवशास्त्रज्ञ नेमलाय का, सांडपाणी कुठे जातं, लगूनमधलं गवत राखलंय का, हे विचारा. जे बेट प्रवाळ जपतं त्याच्याकडे ही उत्तरं तयार असतात आणि दोन दिवसांत येतात. उत्तरादाखल खोलीचे फोटो आले, तर तिथे जाऊ नका.